सातासमुद्रापलीकडचे पेडणे

गेले दोन महिने या सदरात खंड पडला. काही वाचकांनी त्याबद्दल प्रेमाने कान उपटले, काहींनी आमच्या प्रकृतीची काळजी वाहिली. प्रकृती उत्तम आहे. खंडाचे कारण एवढेच की, मे महिन्याच्या सुटीत आम्ही सपत्नीक ब्राझीलला जाऊन आलो. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाने दक्षिण अमेरिकेस जावे, हे आमचे आम्हालाच अजून खरे वाटत नाही. आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव गेली नऊ वर्षे नोकरीनिमित्त साओ पाउलो शहरी आहेत. त्यांनी तेथील एका मुलीशी विवाह केला असून त्यांना सहा वर्षांची कन्या आहे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे बंधूंना एवढा प्रवास झेपेना. तेव्हा ‘तू तरी जाऊन नातीला पाहून ये,’ अशी त्यांची आज्ञा झाली आणि आम्ही निघालो.

निघालो तेही आमच्याच तालुक्यातून. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. लहानपणी याच पठारावर आम्ही काजूचे बोंडू चोखत आणि बिया खिशात भरत हिंडत असू. बोंडूच्या रसाचे डाग सदऱ्यावरून कधी जात नसत आणि त्याबद्दल आईच्या हातचा मार कधी चुकत नसे. विमानाच्या खिडकीतून खाली पाहताना मनात आले की, हे झाड ज्या देशातून सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांवरून इकडे आले, त्या देशाला आज पेडण्याचा एक मास्तर उलट वाटेने चालला आहे.

प्रवासाचे वर्णन करण्यापूर्वी एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यापाशीच येऊन थांबते.

आमचे वडील आज ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्या बालपणी घरात पेडण्याची बोली, देवापुढे आणि पोथीत मराठी, आणि सरकारदरबारी पोर्तुगीज अशी तीन भाषांची वाटणी होती. देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या शाळेत ते मराठी शिकले. पुढे ‘प्रिमेइर ग्राव’, ‘सेगुंद ग्राव’ या पोर्तुगीज परीक्षा देऊन पणजीच्या लिसेवात गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आमच्या तालुक्याच्या सीमेवर, पत्रादेवी येथे, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा वडील १४ वर्षांचे होते. त्या संध्याकाळी आजोबांनी दिवा लावला आणि कोणाशी एक शब्दही न बोलता ते ओसरीवर बसून राहिले, असे आम्ही अनेकदा ऐकले आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पोर्तुगीज भाषेचा उच्चार झाला नाही. वडिलांचे शिक्षण अर्धवट राहिले. नव्या राज्यात त्या विद्येला मोल नव्हते. त्यांनी पेडण्याच्या बाजारात किराणा दुकान घातले आणि जन्मभर तेच चालविले.

त्यांची पोर्तुगीज पुस्तके मात्र माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. १९८५ ते १९८७ या काळात गोव्यात राजभाषेचा वाद पेटला होता. आम्ही सोळा-सतरा वर्षांचे, मराठीच्या अभिमानाने भारलेले. एके दिवशी ‘गुलामगिरीची खूण घरात कशाला?’ असे म्हणून आम्ही ती ट्रंक खाली काढली आणि आतली सर्व पुस्तके रद्दीवाल्याला घातली. वडील दुकानात होते. रात्री घरी आल्यावर त्यांनी रिकामी ट्रंक पाहिली आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. त्याविषयी त्यांनी आम्हाला कधी विचारले नाही आणि आम्हीही कधी सांगितले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री त्याच वडिलांनी आमच्या हाती वहीचा एक कागद ठेवला. त्यावर थरथरत्या पण वळणदार अक्षरांत वीस पोर्तुगीज वाक्ये होती. प्रत्येकाखाली देवनागरीत उच्चार आणि मराठीत अर्थ. पाणी कसे मागावे, बस कोठे जाते हे कसे विचारावे, आभार कसे मानावे. शेवटचे वाक्य होते, ‘वेन्यु द लोंझ’, म्हणजे ‘मी फार दुरून आलो आहे.’ ‘हे वाक्य आधी म्हण,’ वडील म्हणाले, ‘म्हणजे पुढच्या चुका माणसे पोटात घालतात.’

साओ पाउलोतील पहिल्या सकाळी सूनबाईंनी आम्हाला पाव आणण्यास पाठविले. त्या दुकानास ‘पादारिया’ म्हणतात. गोव्यात सायकलवरून भोंगा वाजवीत येणाऱ्या आमच्या ‘पदेरा’चे हे माहेर. आम्ही खिशातून कागद काढून शेवटचे वाक्य वाचले, मग पाव मागितला. गल्ल्यावरील प्रौढ बाई थबकल्या आणि खळाळून हसल्या. घरी आल्यावर पुतण्याने उलगडा केला. ब्राझीलमध्ये ‘बों दीया’ या अभिवादनाचे ‘बों जीया’ होते. वडिलांच्या कागदावरचे उच्चार मात्र लिस्बनचे, तेही साठ वर्षांपूर्वीच्या शाळेतले. एखाद्या परदेशी पाहुण्याने आपल्याकडच्या दुकानात येऊन पेशवाईतल्या मराठीत पाव मागावा, तसे त्या बाईंना वाटले असणार. पण त्या दिवसापासून त्यांनी आम्हाला एक पाव नेहमीच जास्त दिला.

मग शब्द वेचण्याचा आम्हाला नादच लागला. पुतण्याच्या घरात आपली चावी ‘शावी’, साबण ‘साबांव’, फीत ‘फीता’, बटाटा ‘बताता’, आणि आमच्या पेडण्याचे जनेल ‘जानेला’ होऊन बसले होते. लिलाव, पगार, घमेले, पिंप, बिजागरी हे सारे त्याच गलबतातले उतारू. जन्मभर ‘शुद्ध मराठी बोला’ म्हणून मुलांना बजावणाऱ्या आम्हांस हे शब्द परके होते याची आठवणही उरली नव्हती.

एकदा मात्र फजिती झाली. तेथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत ठरलेल्या वारी रस्ता बंद करून बाजार भरतो. भाजी, फळे, मासळी, एका टोकाला उसाचा रस आणि त्याबरोबर गरम तळलेली, सारण भरलेली ‘पास्तेल’. आरडाओरडा, घासाघीस, चाखायला पुढे केलेली फळाची फोड. म्हापशाचा शुक्रवार डोळ्यांपुढे उभा राहिला. एका रसाच्या गाडीवर आम्ही ऐटीत ‘पेरू’चा रस मागितला. गाडीवाल्याने डोळे विस्फारले आणि मानेखाली हात हलवून एका पक्ष्याची नक्कल केली. त्यांच्या भाषेत ‘पेरू’ म्हणजे टर्की नावाचा कोंबड्यासारखा मोठा पक्षी! आपल्या पेरूला ते ‘गोयाबा’ म्हणतात. अननसाची गंमत याहून न्यारी. हा शब्द मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचा, पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे पोहोचविला. पण ब्राझीलमध्ये त्याच फळाला ‘अबाकाशी’ म्हणतात. त्यांचा शब्द आम्ही जपून ठेवला आणि ते दुसऱ्यानेच काम चालवितात.

सौभाग्यवतींची एकादशी तिकडे आली तेव्हा घरात चिंता उत्पन्न झाली. पण ती एका क्षणात मिटली. उपवासाच्या ताटाचा विचार करून पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा ब्राझीलच्या भागातला, बटाटा अँडीज पर्वतातला, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, रताळे आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. आपल्या आजीने सोवळ्यात रांधलेले हे ताट १५०० पूर्वी भारतात कोणी पाहिलेही नव्हते. तेथे कसाव्याचा ओलसर पांढरा कीस तव्यावर पसरून धिरड्यासारखी ‘तापिओका’ करतात आणि आत ओले खोबरे घालतात. सौभाग्यवतींनी ती दोनदा मागून घेतली आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण साता समुद्रांपलीकडे खरी केली.

तेथील नित्याचे जेवण म्हणजे भात आणि घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची दाट आमटी. श्रीमंत असो वा मजूर, दुपारी हे ताटात असावयाचेच. कित्येक खानावळींत आपण हवे ते वाढून घ्यावे आणि ताट तराजूवर ठेवावे, अशी रीत आहे, वजनावर पैसे. अन्न टाकण्याची सवय असलेल्यांना हा धडा उपयुक्त आहे. बँकेत व टपालकचेरीत साठीपुढील लोकांसाठी रांग वेगळी असते. आमची साठी अजून दूर आहे. पण आमचे पांढरे केस पाहून एका तरुणाने हात धरून आम्हाला त्या रांगेत नेऊन उभे केले. ‘मी अजून नोकरीत आहे’ हे वाक्य वडिलांच्या कागदावर नव्हते, तेव्हा आम्ही निमूटपणे उभे राहिलो.

सूनबाईंचे माहेर मिनास जेराइस प्रांतात, बेलो ओरिझोंती शहराजवळ आहे. तेथे आठ दिवस राहिलो. त्या प्रांताच्या नावाचा अर्थच ‘सर्वत्र खाणी’ असा. अठराव्या शतकात सोने, आता लोखंड. रस्त्याच्या कडेच्या झाडांवर लाल धूळ पाहिली आणि डिचोलीत काढलेली आमच्या नोकरीची अकरा वर्षे आठवली. खनिजाच्या ट्रकांची ती अखंड रांग, वर्गातल्या बाकांवर रोज साचणारी धूळ, खाणींचा गाळ येऊन नापीक झालेली भातशेते. आणि मग २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्यावर कर्ज काढून ट्रक घेतलेल्या पालकांचे उतरलेले चेहरे. आमचे व्याही स्वतः खाणीत काम केलेले. त्यांनी सांगितले की, २०१५ च्या नोव्हेंबरात मारियाना येथे खाणीच्या गाळाचे धरण फुटून १९ माणसे गेली आणि २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो येथे तसेच धरण फुटून सुमारे २७० माणसे गाळाखाली गेली. दुपारच्या जेवणाची वेळ होती, असे म्हणून त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. खाण असली तर धूळ आणि नसली तर उपासमार, ही डिचोलीची कोंडी त्यांना समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

विहीणबाई शिक्षिका. त्यांच्यासोबत एका सरकारी शाळेत गेलो, तेव्हा मात्र आम्ही पाहुणे उरलो नाही. मुले अर्धा दिवसच शाळेत असतात, सकाळची पाळी निराळी, दुपारची निराळी. शाळेतल्या जेवणाची योजना १९५५ पासून चालू आहे आणि २००९ च्या कायद्याने त्या निधीतील किमान ३० टक्के रकमेचे धान्य व भाजी लहान शेतकरी कुटुंबांकडून घेण्याचे बंधन घातले गेले. आमच्याकडे स्वयंसाहाय्य गटांच्या बाया भाजीपाव करून देतात, ते आम्ही सांगितले. पाव हा शब्द ऐकून मुले टाळ्या पिटू लागली. जानेवारी २०२५ मध्ये तेथे देशभरच्या शाळांत मोबाइल वापरण्यावर कायद्याने निर्बंध आला आहे. तेथील मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘मधल्या सुटीत पुन्हा गोंगाट सुरू झाला आहे.’ ते वाक्य आम्ही आमच्या शाळेच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

त्याच प्रांतात ओरो प्रेतो हे जुने गाव आहे. चढउताराचे दगडी रस्ते, पांढऱ्या भिंती, रंगीत चौकटी, टेकडीटेकडीवर चर्च. पणजीचे फोंतेन्यास कोणी उचलून डोंगरात ठेवले असावे असे वाटते. मधल्या चौकात तिरादेन्तिस या क्रांतिकारकाचा पुतळा आहे. १७८९ साली तेथे पोर्तुगालविरुद्ध कट झाला, तो फुटला आणि १७९२ साली या माणसाला फाशी देऊन त्याचे मस्तक याच गावात खांबावर लावण्यात आले. आम्ही चौकात उभे राहून हिशेब केला. आमच्या गोव्यात कांदोळीचे पिंटोंचे बंड १७८७ सालचे; पेडणे पोर्तुगीजांच्या हाती गेले ते १७८८ साली. एकाच राज्यकर्त्याविरुद्ध पृथ्वीच्या दोन टोकांना दोन वर्षांच्या अंतराने माणसे उठली आणि दोन्हीकडे फासावर गेली. त्यांना एकमेकांचा पत्ताही नसेल.

पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. ब्राझील १८२२ साली स्वतंत्र झाला आणि भाषा मात्र राहिली. ज्या भाषेत तिरादेन्तिसला शिक्षा सुनावली, ज्या भाषेत १८८८ पर्यंत गुलामांची खरेदी-विक्री चालली, त्याच भाषेत आज २० कोटी माणसे बाळाला निजवितात आणि पोर्तुगालवर विनोदही सांगतात. या सुखाची किंमत कोणी दिली हेही विसरता येत नाही. किनाऱ्यावरील तुपी भाषा अठराव्या शतकात सरकारी हुकमाने दडपली गेली. आमच्या गोव्यातही १६८४ साली देशी बोली टाकण्याचा हुकूम निघाला होता. आमची बोली टिकली. तुपी आता गावांच्या, झाडांच्या आणि फळांच्या नावांपुरती उरली आहे.

आता मुख्य प्रसंग. निघण्याच्या आधीच्या रविवारी पुतण्याने भ्रमणध्वनीवरून पेडण्यास दृश्य-संभाषण जुळविले. तेथे सकाळचे साडेआठ, पेडण्यात सायंकाळचे पाच. वडील ओसरीवर बसले होते. आमच्या नातीला मराठी येत नाही. ‘आजी’ आणि ‘चपाती’ हे दोन शब्द सोडले तर तिचे सारे जग पोर्तुगीज. आजवर पणजोबा आणि पणती एकमेकांना हात हलवीत आणि हसून थांबत. त्या दिवशी तिने सवयीने ‘बों जीया, बिझावो’ म्हटले. आम्ही हात हलविण्याची वाट पाहत होतो. वडील म्हणाले, ‘बोआ तार्द, मिन्या फील्या.’ शुभ दुपार, बाळ.

घरात सगळे स्तब्ध झाले. नात मात्र मुळीच चकित झाली नाही. ती वाद घालू लागली की आता सकाळ आहे, दुपार नाही. वडिलांनी भिंतीवरचे घड्याळ दाखविले, सूर्य तुझ्याकडे येण्यापूर्वी माझ्याकडे येऊन जातो असे सांगितले. शब्द शोधताना ते अडखळत, डोळे मिटत, मग शब्द सापडला की मुलासारखे हसत. आवाजही वेगळाच लागला होता. हा माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता. मग ते उठले, काठी टेकीत परसात गेले आणि मोसम संपता संपता झाडावर उरलेला एक बोंडू त्यांनी पडद्यापुढे धरला. तेथे काजूचा हंगाम सप्टेंबरनंतर असतो. तरी नातीने पाहताक्षणी ओरडून म्हटले, ‘काझू!’ वडील म्हणाले, ‘काजू.’ दोघांनी तो शब्द चार-पाचदा म्हटला. तो शब्द मराठीही नव्हता आणि पोर्तुगीजही. किनाऱ्यावरच्या त्या तुपी लोकांचा तो ‘अकाजू’. त्यांची भाषा गेली आणि त्यांचा शब्द आमच्या घरातल्या दोन टोकांना जोडून उभा राहिला.

आम्हाला त्या क्षणी आनंद झाला की दुःख, हे आजही नीट सांगता येत नाही. ज्या भाषेला आम्ही रद्दीत घातले तिच्यावाचून हे दोघे एकमेकांना मुके राहिले असते. आणि आमचेच रक्त मराठीवाचून वाढते आहे हे शल्यही तेवढेच खरे. आम्ही मराठीचे पदवीधर. शेकडो मुलांना मराठी शिकविली आणि घरच्या या मुलीशी बोलण्यास आमच्या हाती वहीचा एक कागद.

परतण्यापूर्वी साओ पाउलोतील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात आम्ही पोर्तुगीज शालेय वाचनाचे एक जीर्ण पुस्तक विकत घेतले. पेडण्यास पोहोचल्यावर ते वडिलांपुढे ठेवले आणि १९८६ सालची ती गोष्ट, चाळीस वर्षे घशात अडकलेली, सांगून टाकली. त्यांनी पुस्तक उघडले, वास घेतला, चष्मा पुसला. ‘मला तेव्हाच कळले होते,’ ते म्हणाले. ‘भूगोलाचे पुस्तक जायला नको होते. त्यात ब्राझीलचा नकाशा मी हाताने रंगविला होता.’ थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘पत्रादेवीला गोळी भाषेने झाडली नव्हती रे.’

आता दर रविवारी पाच वाजता ओसरीवर वर्ग भरतो. वडिलांनी अट घातली आहे: तिने एक पोर्तुगीज शब्द सांगावा, त्याबदल्यात एक मराठी शब्द घ्यावा. आजपर्यंत अकरा शब्द झाले आहेत. पाणी, झाड, पाऊस, पणजोबा... ‘ळ’ तिला अजून येत नाही. ‘केळे’ म्हणताना ती अडते आणि वडील न कंटाळता पुन्हा सांगतात.

आपल्या या मासिकाचे वाचक पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेले. नातवंडे दुसऱ्याच भाषेत हसतात, हे अनेक घरांतले दुःख आम्हाला पत्रांतून ठाऊक आहे. आजवर आम्ही या सदरातून त्याबद्दल उपदेश केला. यापुढे करवेल असे वाटत नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की, नातवंडाच्या भाषेतले चार शब्द आधी आपण शिकावेत. मग आपले चार शब्द त्याला द्यावेत. पुढच्या रविवारी ‘फणस’ आहे. तिकडे त्याला ‘जाका’ म्हणतात; ते झाड मात्र आपल्याकडून गेलेले.